हळदीकुंकवातला मिक्सर

रथसप्तमीला बंडोपंत येणार, असं रोहितने सकाळच्या चहाला जाहीर केलं आणि गोडांब्यांच्या घरात पुन्हा दोन तट पडले.

तट नवे नव्हते. घोटावड्याच्या शिवेवर त्यांची पत्र्याची शेड होती. तिथे रोहितचा थोरला भाऊ वाल्मीक पूर्वी शेतीपंपाच्या जळक्या मोटारी नवी तार गुंडाळून भरून द्यायचा. आता त्याच शेडमध्ये घरचा मिक्सर तयार होत होता, आणि तो कसा असावा यावरून वाल्मीकची बायको हेमलता आणि तिचा हा धाकटा दीर यांचं एकदाही जमलं नव्हतं.

हेमलता कराडची. मेकॅनिकलचा डिप्लोमा करून या घरात आली तेव्हा साळूबाईंना, म्हणजे तिच्या सासूबाईंना, वाटलं होतं, शिकलेली सून दोन दिवस कागद रंगवील आणि मग भाकरीला लागेल. ती भाकरीलाही लागली आणि कागदही सुटले नाहीत. लग्नानंतरच्या पहिल्याच दिवाळीत, चकलीची भाजणी राहिली बाजूला, चटणी वाटतानाच घरातला मिक्सर बंद पडला. दुरुस्तीला पुण्यात गेला तो तुळशीचं लग्न झालं तरी परत आला नाही. आला तेव्हा कळलं, आत फक्त एक रबरी चकती झिजली होती. एवढीशी चकती आपल्याला घरी का बदलता येऊ नये, हा प्रश्न तेव्हा हेमलताच्या डोक्यात शिरला तो शिरलाच. तिने कागदावर आखलेल्या मिक्सरचं खालचं झाकण रुपयाच्या नाण्याने उघडत होतं. मोटारीचे कार्बन, म्हणजे तिला वीज पोचवणारे झिजते तुकडे, बाहेरूनच बदलता येत होते. बटण जळलं तर ते उपसून नवीन खोचायचं, की झालं.

रोहितला यातलं काहीच पटत नव्हतं. तो वाईट माणूस मुळीच नव्हता. मिक्सर विकायचा त्यालाच होता, म्हणून त्याची तळमळ.

“बंडोपंतांचं पुण्यात मोठं दुकान हाय,” तो म्हणाला. “आपला माल त्यांना पसंत हाय. म्हणणं एकच. खालच्या झाकणाला लोखंडी रिबिटा मारून मिक्सर कायमचा बंद करा, कुनाला उघडायला नको. बिघडला तर गिऱ्हाईक दुकानात घेऊन येईल, दुरुस्ती ते बघतील. आपल्याला बारा महिने काम.”

“आणि आपण फक्त त्यांचे डबे बनवत बसायचं?” हेमलता म्हणाली.

“वहिनी, एक सांगू का? बाई मिक्सर उघडतच नसती. तुमी उघडता, कारण तुमी शिकलाय. बाकी बायका करंटला भितात. उघडायची सोय दिली म्हणून कोण उघडनार हाय?”

“तू विचारलंस कुणाला?” हे उत्कर्षाने विचारलं. उत्कर्षा म्हणजे रोहितची बायको, अमरावतीची. हिंजवडीला कंपनीत जायची बस गाठण्यासाठी ती उभ्याउभ्याच चहा पीत होती. रोहितने तिच्याकडे पाहिलं, जणू म्हणत होता, निदान घरात तरी तू माझ्या बाजूने बोलशील असं वाटलं होतं.

वाल्मीक बशीत बघत राहिला. भाऊ एकीकडे, बायको दुसरीकडे, अशा वेळी बशी हा त्याचा ठरलेला आसरा होता.

शेवटी आबांनी, म्हणजे सासरे कोंडिबांनी, घसा खाकरला. “त्यात भांडायचं काय? संक्रांतीचं हळदीकुंकू आपल्या घरी हाय. गावच्या बायका येनार, चांद्यावरनं गंगू येनार. ठेवा मिक्सर त्यांच्याम्होरं. त्यांनी उघडला, दुरुस्त केला, तर थोरलीचा खरा. न्हाई जमलं, तर मारा रिबिटा. पर मग कुनी तोंड वाकडं करायचं न्हाई.”

“माझ्या हळदीकुंकवात मोटारी?” साळूबाई कडाडल्या. “बायकास्नी अत्तर लावू का ग्रीस लावू?”

पण आबा बोलले की ते झालंच, हे त्यांनाही ठाऊक होतं.

*

बातमी गावात कशी पसरली कोण जाणे. २००५ सालच्या त्या हळदीकुंकवाला गोडांब्यांच्या पडवीत जेवढ्या बायका आल्या तेवढ्या आजवर कधी आल्या नव्हत्या. काळ्या चंद्रकळा नेसून वाण घ्यायला आलेल्या बायका तिळगुळाच्या ताटाकडे कमी आणि कोपऱ्यातल्या चौरंगाकडे जास्त बघत होत्या. चौरंगावर हेमलताने दोन मिक्सर मांडले होते. दोन्हींत तिने मुद्दाम झिजका कपलर बसवला होता. कपलर म्हणजे मिक्सरच्या माथ्यावर असते ती दात्यांची चकती, भांडं वर बसलं की खालची मोटार त्याला याच चकतीतून फिरवते. ही झिजली की मोटार नुसती घोंगावते आणि भांड्यातलं पातं जागचं हलत नाही. शेजारी नवे कपलर ठेवले होते आणि मिक्सरच्या अंगावर, कपलर कुठल्या बाजूने फिरवून काढायचा, त्याचा बाण कोरलेला होता.

चांद्याच्या गंगूबाई, कोंडिबांची धाकटी बहीण, सगळ्यांत शेवटी आल्या आणि सगळ्यांत पुढे जाऊन बसल्या. उंच, रुंद, पाण्याने भरलेली कळशी एका हाताने उचलणाऱ्या. सगळं घर त्यांना आत्या म्हणायचं.

“आत्या, आधी नाव घ्या,” कुणीतरी म्हणालं.

आत्यांनी पदर सावरला.

“तीळ भाजले मंद आचेवर, गूळ चिरला बारीक,
गेणबारावांचं नाव घेते, आज मिक्सरची हाय तारीख!”

पडवी हसून गडगडली. दाराच्या आत रोहित उभा होता, बायकांच्या कार्यक्रमात पुरुषांनी येऊ नये म्हणून निम्माच दिसेल असा.

हेमलताने आधी खालचं झाकण दाखवलं. माळे गावाहून माहेरपणाला आलेल्या अनसूयाने नाणं लावलं आणि झाकण फटकन उघडलं. “अगं बया, एवढंच असतं व्हय ह्याच्यात?” ती म्हणाली. बायका वाकवाकून आत बघू लागल्या. एकीने कार्बन काढून हातात घेतला, दुसरीने तो परत बसवला. हेमलताला वाटलं, जिंकलं. तिने दाराकडे पाहिलं तर रोहित अंगठ्याचं नख चावत होता.

“आता कपलर,” ती म्हणाली. “वायर काढलेलीच आहे, भ्यायचं काही कारण नाही. जुना काढा, नवा लावा. आत्या, तुम्ही?”

आत्या पुढे सरसावल्या. डाव्या हाताने त्यांनी मिक्सर मांडीशी दाबला, उजव्या हाताने कपलर धरला आणि लोणच्याच्या बरणीचं झाकण काढतात तसा फिरवला.

“आत्या, तिकडून नाही, बाण बघा,” हेमलता म्हणाली.

“घट्ट हाय जरा,” आत्या म्हणाल्या आणि त्यांनी जोर लावला.

कट्ट असा आवाज झाला. कपलर आत्यांच्या हातात आला, त्याच्याबरोबर लोखंडी दांड्याचं टोकही तुटून आलं.

आत्यांनी हातातल्या तुकड्याकडे पाहिलं. “निघाला की,” त्या म्हणाल्या, पण त्यांनाही कळलं होतं की हे असं निघायचं नव्हतं.

हेमलताने दुसरा मिक्सर पुढे केला. अनसूयाने हात लावला, तिनेही बरणीसारखाच फिरवला. तिच्या हातात आत्यांची ताकद नव्हती म्हणून मोडला नाही, पण असा काही आवळला गेला की मग खुद्द हेमलतालाही निघेना. आणखी दोघींनी प्रयत्न केला. एका बाईने तर भांड्यासकट मिक्सर उलटा करून झटकला.

“ऱ्हाऊ दे गं,” साळूबाई पुढे झाल्या. “तिळगूळ घ्या, गोड बोला. हेमे, उचल ते भंगार.”

भंगार हा शब्द सगळ्यांनी ऐकला. हेमलताने मान खाली घालून मिक्सर उचलले. दारात रोहित बाजूला झाला. तो हसला नाही, एवढं तिने मनात नोंदवलं. उलट हळूच म्हणाला, “वहिनी, मी बोललो होतो तुमाला.” त्यापेक्षा हसला असता तर बरं.

*

संध्याकाळी बायका गेल्यावर वाल्मीक शेडमध्ये आला. हेमलता बाकावर तुटका दांडा घेऊन बसली होती.

“मला वाटतंय, रोहितचं बरोबर हाय,” तो तिच्याकडे न बघता म्हणाला. “रिबिटा मारू. मिक्सर तर तुझाच ऱ्हानार हाय ना आतनं.”

“आतून कुणाला दिसणार तो?”

“मग काय करायचं? बाण काढला होतास एवढा मोठा. तरी बघत न्हाईत.”

“हो ना. एवढा मोठा बाण,” हेमलता चिडून म्हणाली. “कुणी बघतच नाही!”

तेवढ्यात उत्कर्षा आली, पदराखाली झाकून आणलेल्या तिळाच्या वड्या घेऊन. तिने तुटका तुकडा उचलला आणि निरखून पाहिला.

“ताई, खरं सांगू? मीपण तिकडेच फिरवला असता.”

“तूसुद्धा?”

“अहो, जन्मभर झाकणं उघडतो आपण. बरणीचं, बाटलीचं, तेलाच्या डब्याचं. हात आपोआप तिकडेच जातो. हा एकटाच उलटा का ठेवलाय तुम्ही?”

“अगं, मोटार फिरेल तसा तो आवळत जायला हवा. नाहीतर चालता चालता सुटून उडेल. म्हणून आटे उलटे असतात. सगळ्या कंपन्यांचे तसेच असतात.”

“सगळ्या कंपन्यांना कुठे बायकांकडून उघडून घ्यायचाय?” उत्कर्षा सहज म्हणाली आणि वडी खाऊ लागली.

हेमलताने हातातला दांडा उलटसुलट करून पाहिला. दुपारभर तिला वाटत होतं, बायका चुकल्या. पण आत्या, अनसूया, बाकीच्या दोघी, आता उत्कर्षा. एकजात सगळ्या एकाच बाजूला फिरवतात, तर चुकलेली नक्की कोण? मग तिला एकदम हसू आलं. इतकं, की वाल्मीक घाबरून जवळ आला.

“काय झालं गं?”

“अहो, आटेच नकोत!”

“म्हंजी?”

“दांड्याला आटेच पाडायचे नाहीत. टोक चौकोनी करायचं. कपलरला चौकोनी भोक. वरून दाबला की बसला, ओढला की निघाला. डावं नाही, उजवं नाही.”

“आन फिरताना उडाला तर?”

“चालू असताना वर भांडं असतंच की. ते त्याला कुठं जाऊ देतंय? आणि एरवीसाठी दांड्याला बारीक खाच ठेवू, कपलरमध्ये तारेची कडी. टक्कन अडकेल.”

वाल्मीकने तुटका दांडा तिच्या हातातून घेतला. तो बोटांत फिरवला. भावाचं बरोबर आहे असं दोनच मिनिटांपूर्वी म्हणालेला हा माणूस, पण समोर लोखंड आलं की त्याला भाऊ दिसायचा नाही की बायको दिसायची नाही. “कडीला पोलादी तार लागंल,” तो म्हणाला. “साधी तार ढिली पडंल. सायकलच्या दुकानात बघतो उद्या.”

“म्हणजे रिबिटा नाही ना मारायच्या?” उत्कर्षाने विचारलं.

“मी कुटं म्हनलो रिबिटा मारू?” वाल्मीक म्हणाला आणि कानस शोधायला लागला. दोघी जावांनी एकमेकींकडे पाहिलं आणि तोंडाला पदर लावला.

*

रथसप्तमीपर्यंतचे दिवस शेडमध्ये कसे गेले ते हेमलताला कळलंच नाही. पहिली कडी सैल झाली, कपलर भांड्याबरोबर वर निघून यायला लागला. दुसरी इतकी घट्ट, की ओढताना वाल्मीकची नखं दुखावली. चौकोनी भोकाचे कोपरे तडकू लागले तेव्हा हेमलताने ते कोपरे गोलसर करून घेतले. साळूबाई येताजाता म्हणायच्या, “आबांचा सबूद झालाय, आता काय उपेग?” आणि तरीही दुपारचा चहा शेडमध्ये पोचता करायच्या.

खरा फरक पडला होता तो रोहितमध्ये, पण ते कुणाला माहीत नव्हतं. तो गप्प झाला होता. हेमलताने त्याचा अर्थ असा लावला की जिंकलेला माणूस आता दिलदारपणा दाखवतोय.

रथसप्तमीला सकाळी अकराच्या सुमाराला बंडोपंतांची पांढरी गाडी अंगणात शिरली. गोरेपान, हसतमुख गृहस्थ. आबांना वाकून नमस्कार केला, साळूबाईंच्या हातच्या तिळाच्या पोळीची तारीफ केली, अगदी घरच्यासारखे वागले.

“मग रोहितराव,” ते म्हणाले, “रिबिटांचा नमुना तयार आहे ना?”

रोहित उत्तर देणार तोच फाटकात आरोळी आली. “थांबा! माझ्याबिगर काय ठरवू नका!”

गंगूबाई आल्या होत्या. चांद्याहून, गेणबांच्या टेम्पोत बसून, सोबत पाच-सहा बायका घेऊन. त्यांनी बंडोपंतांकडे ओझरतं पाहिलं आणि थेट हेमलतासमोर कंबरेवर हात ठेवून उभ्या राहिल्या.

“पोरी, त्या दिवशी मी मोडला. तवापासनं अख्खं चांदं मला मिक्सरवाली म्हनतंय. आज मी तो बसवनार, मगच पानी पिनार. घेऊन ये तुजा मिक्सर.”

“आत्या, पाहुणे आलेत,” रोहित म्हणाला.

“बघू देत की पाहुन्यास्नी. फुकाट हाय.”

हेमलताने नवा मिक्सर आणून ओट्यावर ठेवला. तिने मुद्दामच काही सांगितलं नाही. या खेपेला त्यावर बाणही नव्हता. आत्यांनी कपलरला हात घातला आणि सवयीने फिरवला. तो हलला नाही. आत्यांनी कपाळाला आठ्या घातल्या, कपलर धरून वर ओढला. टक्क. निघाला.

“आं?” आत्या म्हणाल्या. “एवढंच?”

त्यांनी नवा चौकोनावर ठेवला आणि तळव्याने दाबला. टक्क. भांडं वर बसवलं, त्यात मूठभर शेंगदाणे टाकले आणि बटण फिरवलं. मिक्सर गर्रकन सुरू झाला. क्षणभरात कूट तयार. आत्यांनी त्यातला चिमूटभर तोंडात टाकला आणि विजयी मुद्रेने पाणी मागवलं. सोबतच्या बायका कधीच पुढे सरकल्या होत्या. “आता मी,” “ए, मला बघू दे,” असं करत त्यांनी कपलर काढघाल करण्याचा सपाटाच लावला.

बंडोपंत मनापासून हसत होते. “वा, छान! हौस म्हणून छान आहे. पण कोंडिबा, धंद्याचं बोलू. हे असं घरोघरी होऊ लागलं तर माझ्या दुकानात येणार कोण?”

“तुमचा रिबिटावाला मिक्सर बंद पडला तर काय करायचं?” आत्यांनी विचारलं.

“दुकानात आणायचा, मावशी. आठवड्यात मिळेल.”

“आन आठवडाभर आमी वाटायचं कशात? तुमच्या डोक्यावर?”

आबांना ठसका लागला. बंडोपंतही हसले, पण त्यांनी नजर रोहितकडे वळवली. “रोहितराव, तुम्ही बोला. शब्द तुमचा होता.”

हेमलताने ओट्याचा कठडा घट्ट धरला. आता हा रिबिटा म्हणणार. आणि त्याने तसं म्हटलं तर चूक नव्हतीच. आबांचा निवाडा संक्रांतीलाच झाला होता.

रोहितने रुमालाने मान पुसली. “बंडोपंत, तुमाला बोलवलं मीच. पर मधी एक गोष्ट झाली. संक्रांतीला आमचा मिक्सर मोडला, बायकांदेखत मोडला. मी म्हनलं, झालं, गावात नाव गेलं. आन तवापासनं मी जिथं जाईन तिथं बाया अडवतायत. घोटावड्यात, पिरंगुटला, माळ्याच्या स्टँडवर. ‘तुमचा तो उघडायचा मिक्सर झाला का नीट?’ नीट झाला का, हेच विचारतात. मोडला म्हणून एक बी हसली न्हाई.” त्याने बायकांच्या घोळक्याकडे हात केला. “हे बघा. मी एवढी वर्षं माल विकतोय. गिऱ्हाईक मालाला हात लावायला असं भांडताना मी कदी बघितलं न्हाई. ह्याला दुकान नकोच. हळदीकुंकू, भजनी मंडळ, बचत गट, जिथं बाया जमतील तिथं मी हा घेऊन जानार. वहिनी दाखवतील, मी विकीन.”

“पण बायका उघडत नाहीत म्हणालेलास तू,” उत्कर्षा म्हणाली. आज तिने मुद्दाम रजा घेतली होती.

“म्हनलो होतो. आता बघतोयस ना तू… बघतीयस ना?” तो गडबडला आणि सगळं अंगण हसलं.

हेमलताला हसता आलं नाही. डोळे भरून आले होते आणि सासूसमोर ते दिसू नयेत म्हणून ती जमिनीवर सांडलेलं कूट वेचायला वाकली. साळूबाई शेजारी येऊन वाकल्या. “ऊठ,” त्या पुटपुटल्या. “ते मुंग्या नेतील. पाहुन्यास्नी चहा ठेव. आन हे बघ, माझा बी पाटा आता न्हानीत टाक पाय घासायला. हा मिक्सर माझ्या सैपाकघरात पायजे.”

आबांनी बंडोपंतांसमोर हात जोडले. “माफी करा. पोरांनी सबूद फिरवला. पर त्यांचं खरं हाय.”

“अहो, माफी कसली?” बंडोपंत उठले. “माल तुमचा, मर्जी तुमची. मी दुकानात हा ठेवू शकत नाही, एवढंच. राग नाही.” त्यांनी चहा घेतला, पुन्हा पोळी घेतली, सगळ्यांचा निरोप घेतला. गाडीत बसले. गाडी फाटकापर्यंत गेली आणि थांबली.

काच खाली झाली. बंडोपंतांनी हाताने वाल्मीकला बोलावलं आणि आवाज शक्य तेवढा खाली आणला, तरी तो अंगणभर ऐकू आलाच.

“वाल्मीकराव, एक मिक्सर मला द्या. दुकानासाठी नाही हो. वैशाखात मुलीचं लग्न आहे, नागपूरला चालली आहे. तिकडे आमचं दुकान नाही.”

वाल्मीक वळायच्या आधीच हेमलता चहाचा ट्रे उत्कर्षाच्या हातात देऊन शेडकडे पळत सुटली होती.